आधी दात ठरवा, मग हाड कापा

गाठ, अपघात, किरणोपचाराने मेलेलं हाड, कारण काहीही असो. खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला की त्या जागी बहुतेक वेळा पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट उचलून आणतात. १९८९ मध्ये शस्त्रक्रियातज्ज्ञ हिडाल्गो यांनी जबड्यासाठी हे हाड वापरून दाखवलं आणि पुढे ही पद्धत रुळली. हाड जगतं, चेहऱ्याला आकार येतो, नंतरच्या सीटीत सगळं जागच्या जागी दिसतं. काही महिन्यांनी दातांचा विषय निघतो, आणि तेव्हा लक्षात येतं की हाड भरपूर आहे, पण दातांच्या खाली नाही.

यात कुणाचा हात चुकलेलाच असतो असं नाही. हाड चेहऱ्याच्या हिशेबाने बसवलेलं असतं, दातांच्या नव्हे, आणि हे दोन हिशेब आपोआप जुळत नाहीत. दात शाबूत असलेल्या खालच्या जबड्याची उंची पुढच्या भागात साधारण ३० मिमी भरते. फिब्युला जेमतेम १२ ते १५ मिमी. ते खालच्या कडेला लावलं तर हनुवटीची रेघ छान येते, पण वर हिरडीच्या मूळ पातळीपर्यंत १५ मिमीची पोकळी उरते. मग १० मिमीच्या इम्प्लांटवर, म्हणजे दातासाठी हाडात बसवलेल्या धातूच्या खुंटीवर, २० मिमीहून उंच दात उभा करायची वेळ येते. चावताना सगळा जोर इम्प्लांटच्या मानेवर जातो, स्क्रू सैल होतात, मानेभोवतीचं हाड झिजायला लागतं.

दुसरी अडचण आडवी आहे आणि तिच्याकडे कमी लक्ष जातं. दाढांच्या भागात जबड्याची खालची कड दातांच्या कमानीपेक्षा बाहेरच्या बाजूला असते. त्या कडेवर बसवलेल्या फिब्युलातून सरळ वर आलेलं इम्प्लांट गालाकडे उगवतं. वरच्या दाढेशी गाठ घालायची तर दात आतल्या बाजूला लटकवावा लागतो. उंची आणि आडवं अंतर दोन्ही एकदम चुकलं, तर पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर वापरा, दुरुस्ती फारशी होत नाही.

म्हणून डिजिटल नियोजनाचा क्रम उलटा हवा. आधी पडद्यावर दात लावायचे, मग त्या दातांखाली इम्प्लांटचे अक्ष, मग त्या अक्षांभोवती फिब्युलाचे तुकडे, मग तुकडे जोडणारी धातूची प्लेट आणि तिचे स्क्रू, आणि सर्वात शेवटी पायातल्या हाडावरचे काप. एकच गोष्ट या क्रमाबाहेरची: जबडा कुठून कुठपर्यंत कापायचा हे गाठ ठरवते आणि ते शस्त्रक्रियातज्ज्ञच सांगतात. दातांसाठी त्या रेषेत घासाघीस करायची नाही.

या सगळ्याचा कच्चा माल मात्र शस्त्रक्रियेआधीच हाती यायला हवा, कारण जबड्याचा तुकडा गेल्यावर चाव परत मिळत नाही. उरलेला जबडा कापलेल्या बाजूला सरकतो आणि मूळ दात कुठे मिटत होते याचा पुरावाच उरत नाही. दोन्ही जबड्यांचा तोंडातला स्कॅन, दात पूर्ण मिटवून घेतलेला चाव, आणि हसताना व ओठ सैल सोडून काढलेले समोरचे फोटो, एवढं पहिल्याच भेटीत घेऊन ठेवावं. शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत थांबू नये, गाठ वाढली की तोंड उघडणं कमी होतं आणि स्कॅनरचं टोक आत जात नाही. गाठीने दात आधीच ढकलले असतील तर जुने साचे, जुने एक्स-रे, अगदी जुने हसरे फोटोही कामाला येतात.

चेहऱ्याचा सीटी १ मिमी किंवा त्याहून पातळ कापांचा, गॅन्ट्री (सीटी यंत्राचं गोल कडं) न कलवता. दातांमध्ये कापसाची गुंडाळी ठेवून जबडे थोडे विलग करायला सांगावं, नाहीतर वरच्या-खालच्या दातांची टोकं चित्रात एकमेकांत मिसळतात आणि ती वेगळी करण्यात तास जातात. पायांचा सीटी अँजिओग्राम (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) गुडघ्यापासून घोट्यापर्यंत, दोन्ही पायांचा. काही लोकांमध्ये पावलाचा रक्तपुरवठा मुख्यत्वे पेरोनियल धमनीवरच असतो. फिब्युलाबरोबर तीच धमनी उचलली तर पाऊल धोक्यात येतं. फाइल मूळ डायकॉम (सीटी यंत्राच्या डिजिटल चित्रांच्या) स्वरूपात मागावी. फिल्मचा फोटो किंवा दाबून लहान केलेली चित्रं नियोजनाला निरुपयोगी. आणि ३ मिमी कापांचा सीटी आला तर तो परत करायला लाजू नये. सॉफ्टवेअर त्यातूनही गुळगुळीत हाड काढून देतं, पण तो गुळगुळीतपणा खोटा असतो. मधली माहिती अंदाजाने भरलेली असते आणि गाईड, म्हणजे हाडावर बसवून काप आणि भोकं जागेवर आणणारा छापलेला साचा, त्या अंदाजावर बसत नाही.

सीटीतून हाड वेगळं काढताना बहुतेक जण २२६ हाउन्सफिल्डच्या (सीटीतल्या घनतेच्या एककाच्या) आसपासच्या मर्यादेने सुरुवात करतात. ही फक्त सुरुवात. पातळ हाड त्यात गळून पडतं, धातूच्या कॅप असतील तर किरणांच्या रेषा हाड म्हणून शिरतात. आणि सीबीसीटीमध्ये (दातांच्या कामात वापरतात त्या छोट्या सीटीमध्ये) हे आकडे विश्वासाचे नसतात, तिथे मर्यादा नजरेनेच जुळवावी लागते.

मग येते जुळणी, म्हणजे तोंडातला स्कॅन सीटीवर बसवणं. तीन तरी खुणा घ्याव्यात, त्याही कमानीवर दूर दूर आणि धातूच्या कॅपपासून लांब. सॉफ्टवेअर ‘जुळणी झाली’ असं सांगतं तेव्हा काम संपलेलं नसतं. आडव्या, उभ्या आणि पुढून-मागून घेतलेल्या कापांत स्कॅनची रेघ दाताच्या कडेवर चालते का हे एकेका दाताला पाहावं. एका बाजूला रेघ चपखल आणि दुसऱ्या बाजूला अर्धा मिमी बाहेर दिसली, तर ती जुळणी टाकून नव्याने करावी. इथला अर्धा मिमी पुढच्या प्रत्येक पायरीत सोबत येतो. दातच नसतील तर कवळीवर गटापर्चाच्या (सीटीत दिसणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या) सहा-आठ खुणा लावून दोन स्कॅन करतात: एकदा कवळी तोंडात घालून, एकदा नुसत्या कवळीचा.

दात लावून झाले की फिब्युला किती वर उचलायचं हा प्रश्न येतो. माझं मत ठाम आहे. जिथे इम्प्लांट येणार त्या भागात हाड खालच्या कडेपासून ५ ते १० मिमी वर आणि थोडं आत घ्यावं. जबड्याच्या कोनाशी मात्र ते कडेलाच ठेवावं, कारण तिथे इम्प्लांट येत नाहीत आणि चेहऱ्याची रेघ तिथेच दिसते. पुढच्या भागात प्लेट खालच्या पातळीवर ठेवली की आकाराची तूट बरीच झाकते. हाडाची दुहेरी घडी, म्हणजे एकावर एक दोन तुकडे, हाही पर्याय आहे आणि उंची छान देतो. पण त्यात रक्तवाहिन्यांचा देठ दुमडतो, हाड दुप्पट लागतं आणि तेवढी देठाची लांबी कमी होते. जबड्याचा लहान तुकडाच गेला असेल तर ठीक, अर्ध्याहून जास्त जबडा गेला असेल तर हाडच पुरत नाही. फिब्युलाऐवजी कमरेचं हाड घेतलं तर त्याची उंची मुळात जास्त असते, पण त्याचा गाभा मऊ असल्याने इम्प्लांटची सुरुवातीची पकड कमी मिळते.

इम्प्लांट बसवताना आकडे तेच, जे नेहमीच्या कामात असतात: दोन इम्प्लांटमध्ये ३ मिमी, शेजारच्या दातापासून १.५ मिमी, चारही बाजूंनी किमान १ मिमी हाड. त्यात या कामाचे दोन नियम वाढतात. एक, तुकड्यांच्या सांध्यावर किंवा सांध्याला चिकटून इम्प्लांट नको. सांधा भरून यायला वेळ लागतो आणि ड्रिलच्या धक्क्याने पातळ कड फुटते. तुकडा २ सेमीहून आखूड झाला तर त्याचा रक्तपुरवठाही धोक्यात येतो, म्हणून एका तुकड्यात फार तर दोन इम्प्लांट मावतात असं धरून चालावं. दोन, प्लेटचे स्क्रू. इम्प्लांटच्या वाटेत आलेला स्क्रू ही या कामातली सर्वाधिक टाळता येण्याजोगी अडचण आहे, तरीही ती वारंवार दिसते. प्लेटची भोकं इम्प्लांटच्या अक्षांसोबत एकाच पडद्यावर ठरवली, तर ती टळते. त्यासाठी दंतवैद्य आणि शस्त्रक्रियातज्ज्ञ यांनी एकाच फाइलवर, एकाच वेळी बसायला हवं. दोघांनी आपापल्या घरी बसून केलेलं नियोजन ऑपरेशनच्या टेबलावर पहिल्यांदा भेटतं, ते बरं नव्हे.

आता गाईड. जबड्यासाठी एक, फिब्युलासाठी एक. फिब्युलाच्या गाईडमध्ये कापांच्या फटी आणि इम्प्लांटच्या भोकांच्या स्लीव्ह (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळ्या) एकत्र ठेवल्या, तर इम्प्लांट पायातच, देठ जोडलेला असताना बसवता येतात आणि हाड रक्ताविना राहण्याचा वेळ वाढत नाही. घोट्याकडचं ६ ते ८ सेमी हाड सोडावंच लागतं, नाहीतर घोटा अस्थिर होतो. गुडघ्याकडेही साधारण तेवढंच, कारण तिथे मज्जातंतू हाडाला वळसा घालून जातो. गाईडवर घोट्यापासूनचं अंतर ठळक आकड्यात कोरून घ्यावं. फिब्युला लांबच लांब सारखंच दिसतं, आणि गाईड १ सेमी वर-खाली सरकलं तरी ते ‘बसल्यासारखं’ वाटतं.

फिब्युलाचं गाईड न बसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आवरण. हाडावर पेरिऑस्टिअम आणि स्नायूचा पातळ थर मुद्दाम ठेवलेला असतो, रक्तपुरवठा त्यातूनच येतो. सीटीतून काढलेल्या कोरड्या हाडावर बेतलेलं गाईड या थरावर डुगडुगतं. मग कुणीतरी थर खरवडायला जातं, हे तर आणखी वाईट. आतल्या पृष्ठभागाला पुरेशी मोकळीक द्यावी आणि गाईड हाडाला स्क्रूने पक्कं करावं. फटीची रुंदी करवतीच्या पात्यानुसार घ्यावी. पातं कोणतं वापरणार हे आधी विचारलं नाही, तर एकतर पातं अडकतं किंवा सैल फटीत कोन बदलतो. चार कापांत प्रत्येकी एक-दोन अंश चुकले की शेवटचा तुकडा सांध्याशी जुळत नाही, आणि दोष इम्प्लांटच्या माथी येतो.

घातक गाठ असेल तर गाईडला वयोमर्यादा असते. सीटीनंतर गाठ वाढते. तीन-चार आठवडे उलटले असतील तर मी जुन्या सीटीवरचं गाईड वापरण्याच्या बाजूने नाही. काहीही असो, जबड्याच्या गाईडमध्ये ५ किंवा १० मिमी पुढे जाणारी पर्यायी फट आणि तिला जुळणारं फिब्युलाचं दुसरं नियोजन तयार ठेवलेलं बरं. छापलेलं गाईड निर्जंतुक करताना १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हला ते टिकतं का हे साहित्याच्या पत्रकावर पाहावं. पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक त्या तापमानात वाकडंतिकडं होतं. रेझिनमध्येही दाताच्या कामासाठी प्रमाणित असलेलंच घ्यावं, आणि निर्जंतुकीकरणानंतर ते छापलेल्या हाडाच्या नमुन्यावर एकदा बसवून पाहावं.

ड्रिलिंगकडे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. फिब्युलाची बाहेरची भिंत जाड आणि टणक. हाडाचं तापमान ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर राहिलं तरी पेशी मरतात. त्यात गाईडची धातूची स्लीव्ह ड्रिलला चारही बाजूंनी वेढते, त्यामुळे बाहेरून सोडलेलं सलाइन टोकापर्यंत पोचतच नाही. स्लीव्हच्या वर पाणी वाहताना दिसतं, खाली भोकात मात्र पांढरा भुगा कोरडा दाबला जातो. यावर उपाय साधे आहेत. गाईडला स्लीव्हखाली बाजूने खिडकी ठेवावी, सलाइन थंड वापरावं, ड्रिल नवं असावं, दर दोन-तीन सेकंदांनी ते पूर्ण बाहेर काढून भुगा धुवावा. शेवटी टॅप (भोकात आटे पाडणारं अवजार) फिरवायला विसरू नये. टॅप न करता इम्प्लांट घातलं की ते अर्ध्यावर अडतं, टॉर्क (फिरवण्याचा जोर) ५० न्यूटन सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि भिंतीला चीर जाते. ३५ च्या आसपास थांबणं पुरे. दुसऱ्या भिंतीपर्यंत पकड मिळाली तर उत्तम, पण पलीकडे देठ असू शकतो. म्हणून ड्रिलचा स्टॉप लावावा आणि देठाच्या बाजूला रिट्रॅक्टर धरून ठेवावा.

इम्प्लांट त्याच शस्त्रक्रियेत घालायचे की नंतर? गाठ घातक नसेल, उदाहरणार्थ अमेलोब्लास्टोमा, तर त्याच वेळी घालण्याकडे माझा कल आहे. हाड, इम्प्लांट आणि तात्पुरते दात एकाच दिवशी बसवण्याचं काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि आता अनेक केंद्रांत होतं. किरणोपचार लागणार असेल तर गणित वेगळं. ते साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवेत, आणि दातांच्या कामामुळे झालेली कुठलीही गुंतागुंत त्यांना लांबवू शकते. तरीही आधी घातलेले इम्प्लांट हिरडीखाली बंद ठेवून किरणोपचार पार पाडले, तर नंतर किरणांची ६० ग्रे मात्रा झेललेल्या हाडात भोकं पाडण्यापेक्षा ते बरं पडतं. मात्र गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असेल तर थांबावं.

नंतर घालायचे ठरले तर चार ते सहा महिन्यांनी, हाड सांधल्याची खात्री करून, नवा सीटी घ्यावा. किरणोपचार झाले असतील तर किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबतात. शस्त्रक्रियेआधीचं नियोजन उघडून त्यावरच इम्प्लांट ठरवू नयेत. तुकडे प्रत्यक्षात कुठे बसले हे वेगळंच असू शकतं. जुनी आणि नवी हाडं एकमेकांवर ठेवून फरक पाहिला की कळतं.

या टप्प्यावर गाईडला आधार कशाचा द्यायचा हा खरा पेच. उरलेले दात असतील तर तेच. पण फ्लॅपच्या, म्हणजे पायातून हाडासोबत आणलेल्या, कातडीवर टेकवलेलं गाईड कधीच वापरू नये. त्या कातडीखाली चरबी असते. एका बोटाने दाबलं की गाईड एका टोकाला आत जातं आणि दुसरं टोक उचलतं, ड्रिलचा दाब तर बोटापेक्षा कितीतरी जास्त. दातांचा आधार असलेल्या गाईडमध्येही सरासरी चूक प्रवेशाशी आणि टोकाशी १ ते १.५ मिमी, कोनात ३ ते ४ अंश येते. म्हणूनच २ मिमीची सुरक्षित हद्द धरतात. कातडीवर ही हद्द पुरत नाही. एक चांगली युक्ती आहे: हाड उघडल्यावर जुन्या प्लेटचे दोन-तीन स्क्रू काढायचे आणि त्याच भोकांत बसणारं गाईड आधी छापून ठेवायचं. भोकांची जागा सीटीत स्पष्ट दिसते, गाईडला दुसरीकडे सरकायला वावच राहत नाही. त्यासाठी प्लेटची कंपनी आणि स्क्रूच्या डोक्याचा प्रकार माहीत हवा, नाहीतर ऐनवेळी योग्य स्क्रूड्रायव्हर नसतो.

तोंड किती उघडतं हे मोजल्याशिवाय गाईड छापायला देऊ नये. १० मिमीचं इम्प्लांट, स्लीव्हच्या वरच्या कडेपासून इम्प्लांटच्या तोंडापर्यंत ९ मिमी, हँडपीसचं डोकं १२ ते १५ मिमी: बेरीज ३१ ते ३४ मिमी, आणि ही स्लीव्हच्या वर लागणारी मोकळी जागा आहे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचारानंतर अनेकांचं तोंड पुढच्या दातांशीच ३५ मिमी उघडत नाही, दाढांशी तर त्याहून कमी. बाजूने उघडी स्लीव्ह घ्यावी, किंवा सरळ नेव्हिगेशनकडे, म्हणजे ड्रिल कुठे आहे हे पडद्यावर दाखवणाऱ्या पद्धतीकडे, वळावं. नेव्हिगेशनमध्ये खूणपट्टी खालच्या जबड्यालाच पक्की हवी. जबडा हलतो, कवटीला लावलेली खूण त्याच्याबरोबर हलत नाही.

वरच्या जबड्याबद्दल थोडक्यात: तिथे गालाच्या हाडात जाणारी झायगोमॅटिक इम्प्लांट हा मोठा आधार असतो. ती ३० ते ५० मिमी लांब, त्यामुळे कोनातला एक अंशही टोकाशी बराच फरक पाडतो आणि वर डोळ्याची खोबण असते.

हाडात सगळं नीट जमलं तरी वरचं मांस काम बिघडवू शकतं. पायाच्या कातडीचा थर १० मिमी किंवा जास्त जाड असतो, हलतो, कधी त्यावर केसही असतात. त्यातून वर आलेल्या अबटमेंटभोवती (इम्प्लांट आणि दात जोडणाऱ्या तुकड्याभोवती) लालसर, सहज रक्त येणारी वाढ होते आणि ती कापली तरी परत येते. इम्प्लांट उघडण्याच्या वेळी चरबी पातळ करून टाळूची कातडी अबटमेंटभोवती लावणं, आणि ती आधी छापलेल्या स्टेंटने (दाबून धरणाऱ्या साच्याने) इम्प्लांटलाच स्क्रू करून दाबून ठेवणं, हे सर्वात टिकाऊ. स्टेंटचा आकार नियोजनाच्याच फाइलमधून निघतो.

अंतिम दातांसाठी मापं घेताना तोंडातल्या स्कॅनरवर पूर्ण भिस्त ठेवू नये. दोन इम्प्लांटमधली लांब, ओली, सपाट कातडी त्याला ओळखता येत नाही आणि चित्र हळूहळू वाकत जातं. रेझिनने जोडलेला पडताळणीचा साचा किंवा फोटोग्रामेट्री (फोटोंवरून इम्प्लांटच्या जागा मोजण्याची पद्धत) वापरावी. दातांची चौकट आली की एका टोकाचा एकच स्क्रू घट्ट करून दुसऱ्या टोकाला फट उघडते का ते पाहावं, एक्स-रेही काढावा. फट दिसली तर चौकट कापून पुन्हा जोडायची, स्क्रूच्या जोरावर ती ओढून बसवायची नाही. खालच्या ओठाला अनेकदा संवेदना नसते आणि इम्प्लांटवरच्या दाताला मूळ दातासारखी दाबाची जाणीव नसते, त्यामुळे दात उंच लागतोय हे रुग्णाला सहज कळत नाही. चाव कागदाने तपासावा आणि मागे लटकणारा दात हलकाच ठेवावा. चौकटीच्या खाली ब्रश जाईल एवढी जागा लागते, कारण अडकलेलं अन्नही त्याला जाणवत नाही.

रुग्णाच्या हाती कागद द्यावा तो असा: इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी, अबटमेंटचा कोन, प्रत्येक स्क्रूचा टॉर्क, प्लेट आणि तिच्या स्क्रूचा प्रकार, कुठल्या भागाला किती ग्रे मिळाले, आणि सोबत पेन ड्राइव्हवर मूळ डायकॉम व नियोजनाची फाइल. पाच वर्षांनी एखादा स्क्रू तुटला तर दुसऱ्या गावातल्या दंतवैद्याला हेच लागणार आहे.